मराठी लेखसंग्रहासाठी अर्थाधारित शोध: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

अर्थाधारित शोध, म्हणजे नुसते शब्द न जुळवता अर्थ जुळवून मजकूर शोधणारी यंत्रणा, उभारायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतात. आधी मॉडेल निवडतात, जे मजकुराच्या अर्थाचं आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, रूपांतर करतं; मग ते व्हेक्टर साठवणारा व्हेक्टर डेटाबेस उभा करतात, हाती असलेल्या सगळ्या पीडीएफ त्यात ओततात आणि शोध चालवून बघतात. पहिले दोन-तीन प्रश्न छान जमतात. मग कोणीतरी ‘गुरूला किती उपग्रह आहेत’ असं विचारतं आणि सगळ्यात वर येतो शिक्षकांवरचा लेख. मॉडेल बदलून पाहिलं तरी तेच. दोष बहुतेकदा मॉडेलमध्ये नसतो. तो चार पायऱ्या मागे, मजकुरात राहिलेला असतो.

म्हणून इथे कामाचा क्रम दिला आहे, आणि मॉडेल त्यात बरंच खाली येतं. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: खगोलशास्त्रावरच्या काही हजार मराठी लेखांचा संग्रह. त्यातले काही जुने स्कॅन आहेत, काही वर्ड फाइली, काही वेबसाइटवरून उतरवलेले, आणि सोबत ग्रह-उपग्रहांच्या माहितीची एक एक्सेल फाइल. तुमचा विषय कायदा, शेती किंवा वैद्यक असेल, तरी क्रम हाच राहील.

टप्पा १: आधी प्रश्न लिहा

कोणतंही सॉफ्टवेअर बसवण्याआधी पन्नास ते शंभर प्रश्न लिहून काढा. प्रत्येक प्रश्नासमोर बरोबर उत्तर कोणत्या लेखातल्या कोणत्या परिच्छेदात आहे, हे माणसाने वाचून नोंदवायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं म्हणूनच सगळे टाळतात. पण ही यादी नसेल तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ‘आता बरं वाटतंय’ एवढंच म्हणता येतं. खरंच सुधारणा झाली की नाही, ते कळत नाही.

प्रश्न एकाच साच्यातले नकोत. यादीत हे प्रकार हवेतच:

- लेखातलेच शब्द असलेले प्रश्न: ‘शनीच्या कड्या कशाच्या बनल्या आहेत’
- तोच अर्थ, पण वेगळे शब्द: ‘शनीभोवतीचं वलय म्हणजे नक्की काय’
- नाव किंवा आकडा नेमका लागणारे: ‘टायटनचा शोध कोणत्या वर्षी लागला’
- रोमन लिपीत टंकलेले आणि चुकीच्या ऱ्हस्वदीर्घाचे
- ज्यांचं उत्तर संग्रहात नाहीच, असे प्रश्न

शेवटचा प्रकार विसरू नका. उत्तर नसताना यंत्रणा काय करते, ते याच प्रश्नांवरून कळतं.

सावध: प्रश्न लिहिणारा आणि यंत्रणा बांधणारा एकच माणूस असेल तर तो नकळत सोपे प्रश्न लिहितो. जे लोक शोध वापरणार आहेत त्यांच्याकडून निदान अर्धे प्रश्न घ्या, आणि त्यांनी जसे टंकले तसेच ठेवा. सुधारू नका.

टप्पा २: मजकूर बाहेर काढा आणि डोळ्यांनी वाचा

पीडीएफमध्ये दिसणारा मराठी मजकूर आणि त्यातून निघणारा मजकूर एकच असेल असं धरून चालू नका. युनिकोड ही अक्षरं साठवायची प्रमाणित पद्धत रुळण्याआधीच्या फाइलींत कृतिदेवसारखे जुने फाँट असतात. पडद्यावर ‘ग्रह’ दिसतं, पण आत भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. अशा फाइलींना त्या-त्या फाँटचा परिवर्तक लावावा लागतो, आणि एकाच फाइलीत दोन फाँट असतील तर ते आधी वेगळे करावे लागतात. युनिकोड असलेल्या पीडीएफमध्येही पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात. असं खूप होत असेल तर पानाचं चित्र करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखणं, परवडतं. टेसरॅक्ट या ओसीआर साधनात मराठीचं प्रारूप आहे. दोन रकान्यांची पानं मात्र आधी रकान्यांत कापून घ्या, नाहीतर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते.

तपासणी: प्रत्येक स्रोतातून वीस पानं यादृच्छिकपणे उचला आणि निघालेला मजकूर मोठ्याने वाचा. जिथे अडखळलात तिथे यंत्रही अडखळणार.

मूळ फाइल, निघालेला कच्चा मजकूर आणि पुढे होणारा स्वच्छ मजकूर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जपा. शोध स्वच्छ प्रतीवर चालेल, पण वाचकाला दाखवायचा मजकूर मूळचाच असला पाहिजे.

टप्पा ३: अक्षरं एकसारखी करा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते पडद्यावर दिसत नाही. म्हणून इथे जरा थांबू या.

देवनागरीत एकच दिसणारा शब्द आत वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेला असू शकतो. ‘आकाश’ मधला ‘आ’ कधी एकच अक्षर असतो, तर कधी ‘अ’ला काना जोडलेला असतो. ‘ॲपोलो’ मधला ‘ॲ’ निदान तीन प्रकारे टंकलेला सापडतो: स्वतंत्र अक्षर, ‘अ’वर चंद्र, किंवा ‘ए’वर चंद्र असलेलं हिंदी वळणाचं ‘ऍ’. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे समान अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणायच्या प्रमाणित पद्धतीने, यातलं काहीच एक होत नाही. ते चालवायचंच, पण त्यावर विसंबून राहायचं नाही. या जोड्यांची स्वतःची बदलयादी लागते. ‘दु:ख’ मध्ये विसर्गाऐवजी टंकलेला अपूर्णविरामही त्याच यादीत घाला. तो फक्त दोन देवनागरी अक्षरांच्या मधोमध असेल तरच बदला, म्हणजे १०:३० सारखी वेळ बिघडणार नाही.

आता ‘ऱ्य’. हा शब्दशः अर्थ बदलणारा मुद्दा आहे. ‘मंगळावरच्या दऱ्या’ मधला अर्धा ‘ऱ’ दोन मार्गांनी टंकला जातो. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह असतं. सफाई करताना लोक अदृश्य चिन्हं सरसकट उडवतात. दुसऱ्या मार्गाने टंकलेल्या ‘दऱ्या’तलं जोडचिन्ह उडालं की उरतं ‘दर्या’. मंगळावरच्या खोल दऱ्यांचा समुद्र होतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ही जोडी तर शाळेपासून आपल्याला माहीत आहे. स्वयंपाक करणारे आणि शिकवणारे एकमेकांत मिसळले तर शोधाला अर्थ कळण्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. एनएफसी सामान्यीकरण.
२. ‘र’ + हलन्त + जोडचिन्ह ही तिकडी शोधून तिच्या जागी ‘ऱ’ + हलन्त.
३. त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं काढा.
४. ‘आ’, ‘ओ’, ‘ऑ’, ‘ॲ’ आणि विसर्ग यांची बदलयादी.
५. अंक एका पद्धतीत आणा. १६५५ देवनागरीत लिहिलेलं असो वा इंग्रजी अंकांत (1655), शोधाच्या प्रतीत ते एकच दिसलं पाहिजे.

दुसरी आणि तिसरी पायरी उलटी केलीत तर ‘दऱ्या’ परत मिळवता येत नाही, सगळा मजकूर पुन्हा काढावा लागतो. मी एकदा हेच केलं आहे आणि दोन दिवस चूक मॉडेलमध्ये शोधत बसलो होतो.

अनुस्वाराच्या बाबतीत हात राखून चाला. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’ सापडेल. तिथले उच्चार नसलेले अनुस्वार काढायला हरकत नाही, पण ठरावीक शब्दांच्या यादीनेच. शेवटचा अनुस्वार सरसकट काढलात तर ‘घरं’चं ‘घर’ होतं आणि अनेकवचन जातं. ‘झालं’ आणि ‘झाले’, ‘गुरु’ आणि ‘गुरू’, ‘शनि’ आणि ‘शनी’ अशा जोड्या मात्र शोधाच्या प्रतीत एकत्र आणलेल्या बऱ्या. दाखवायच्या प्रतीत त्यांना हात लावू नका.

सावध: तयार साधनांचे मूळ पर्याय इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. दोन सापळे हमखास भेटतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले साचे शोधायच्या सोयीतलं) ‘शब्दातलं अक्षर’ दाखवणारं चिन्ह मात्रा धरत नाही, त्यामुळे ‘गुरू’चे ‘ग’ आणि ‘र’ असे तुकडे पडतात. सायकिट-लर्न या पायथनच्या साधनसंचातल्या टीएफ-आयडीएफचा (शब्दांना वजन देणाऱ्या पद्धतीचा) मूळ पर्यायही त्याच चिन्हावर उभा आहे. दुसरा सापळा म्हणजे ‘स्वरचिन्हं काढा’ असा पर्याय. युरोपीय भाषांसाठी तो ठीक, पण आपल्याकडे तो उकार, एकमात्रा, अनुस्वार आणि हलन्त खाऊन टाकतो. ‘केंद्र’ त्यातून बाहेर पडतं ते ‘कदर’ होऊन. आणि ‘कदर’ हाही मराठी शब्दच असल्यामुळे कोणताही शब्दतपासनीस तक्रार करत नाही.

तपासणी: ‘केंद्र’, ‘दऱ्या’, ‘आकाश’, ‘ॲपोलो’, ‘दुःख’, ‘गुरू’ हे सहा शब्द वेगवेगळ्या प्रकारे टंकून संपूर्ण साखळीतून पाठवा आणि बाहेर काय आलं ते अक्षर-अक्षर छापून बघा. साखळीत काहीही बदललं की हीच तपासणी पुन्हा करा. वाचकाचा प्रश्नही याच साखळीतून गेला पाहिजे. मजकूर स्वच्छ केला आणि प्रश्न तसाच सोडला, तर जुळणी होणार नाही.

टप्पा ४: तुकडे पाडा, पण संदर्भासकट

पूर्ण लेखाचा एकच व्हेक्टर काढला तर दहा मुद्द्यांची खिचडी होते. एकेक वाक्य घेतलं तर अर्थ तुटतो. परिच्छेद हे चांगलं एकक आहे. फार लहान परिच्छेद शेजारच्याला जोडा, फार मोठा असेल तर वाक्याच्या शेवटी तोडा.

खरी अडचण सर्वनामांची असते. हा तुकडा बघा: ‘१६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून त्याचे चार उपग्रह दिसले. त्यामुळे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, या समजाला धक्का बसला.’ यात गुरूचं नाव नाही. ते वरच्या परिच्छेदात राहिलं. हा तुकडा एकटा ठेवलात तर गुरूबद्दलच्या प्रश्नाला तो वर येणं कठीण. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर लेखाचं शीर्षक, उपशीर्षक आणि प्रकाशनाचं वर्ष जोडा: ‘गुरू ग्रहाची ओळख, उपग्रह, १९८४’. एवढ्याने होणारा फायदा मॉडेल बदलून होणाऱ्या फायद्यापेक्षा अनेकदा मोठा असतो.

वर्ष का, तेही सांगतो. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवलं. त्याआधीचे लेख नऊ ग्रह सांगतात, नंतरचे आठ. दोन्ही लेख आपापल्या वेळी बरोबर होते. तुकड्यासोबत वर्ष नसेल तर शोध दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतो आणि वाचकाला वाटतं की संग्रहातच गोंधळ आहे.

तक्त्यांचं काय? तक्ता जसाच्या तसा तुकड्यात टाकला तर आकडे अनाथ होतात. प्रत्येक ओळ स्तंभांच्या नावांसह वाक्यात उलगडा: ‘टायटन, कशाचा उपग्रह: शनी, शोधाचं वर्ष: १६५५, शोधणारा: हायगेन्स’.

तपासणी: वीस तुकडे शीर्षकाशिवाय आणि वीस शीर्षकासह, असे कोणाला तरी वाचायला द्या. ‘हे कशाबद्दल आहे’ याचं उत्तर माणसाला देता येत नसेल, तर ते मॉडेललाही येणार नाही.

टप्पा ५: साधा शब्दशोध उभा करा

व्हेक्टर येणार म्हणून शब्दशोध सोडून देणं ही मोठी चूक आहे. नावं, वर्षं, क्रमांक, संक्षेप यांच्यासाठी बीएम२५ सारखा शब्दांवर चालणारा शोध अजूनही व्हेक्टरपेक्षा भरवशाचा आहे. शिवाय तुलनेसाठी पाया लागतोच: नवी यंत्रणा साध्या शोधापेक्षा चांगली नसेल, तर ती कशाला हवी?

मराठीत इथे सामान्यरूप आडवं येतं. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’, ‘पाण्यावर’ हाती लागत नाही, कारण ‘णी’ची ‘ण्या’ होते. ‘सूर्यमालेतल्या’ या शब्दात ‘सूर्यमाला’ शोधायची तर ‘ल्या’, ‘त’ असे एकावर एक थर काढून ‘माले’चं पुन्हा ‘माला’ करावं लागतं. हिंदीसाठी केलेला स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द देणारं साधन) इथे लावू नका, तो दुसऱ्याच व्याकरणावर बेतलेला आहे.

सोपा आणि पुरेसा मार्ग असा: चा-ची-चे-च्या, ला, ने, नी, हून, साठी, मुळे, पेक्षा, भोवती, मध्ये, वर, पर्यंत अशा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययांची यादी करा. लांब प्रत्यय आधी काढा, आखूड नंतर. मूळ शब्द आणि प्रत्यय काढलेलं रूप, दोन्ही इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या सूचीत, ठेवा. एकटा ‘त’ मात्र आंधळेपणाने काढू नका. ‘गणित’, ‘परत’, ‘वसंत’ हे शब्द त्यात बळी पडतात. तुमच्या विषयातल्या महत्त्वाच्या दोन-तीनशे नामांची सामान्यरूपं हाताने लिहिलीत तर आणखी उत्तम.

या टप्प्यावर पहिल्यांदा प्रश्नांची यादी चालवा. किती प्रश्नांचं बरोबर उत्तर पहिल्या दहा निकालांत आलं, तो आकडा लिहून ठेवा. यापुढची प्रत्येक सुधारणा या आकड्याशी ताडून बघायची.

टप्पा ६: आता मॉडेल

इतकं झाल्यावर मॉडेलची निवड बरीच सोपी होते. बहुभाषिक ई५, बीजीई-एम३, लाबसे आणि मराठीसाठी खास तयार केलेली एल३क्यूबची वाक्य-मॉडेलं यांतून दोन-तीन घ्या आणि तुमच्याच प्रश्नांवर चालवा. दुसऱ्यांच्या गुणतक्त्यांवर जाऊ नका. त्यातला मजकूर तुमचा नसतो.

वारंवार होणाऱ्या चुका:

*वाक्यांसाठी न घडवलेलं मॉडेल वापरणं.* म्युरिल किंवा बर्टसारखं मूळ मॉडेल भाषा जाणतं, पण दोन वाक्यांतलं अंतर मोजायला ते शिकवलेलं नसतं. त्याच्या शब्दव्हेक्टरांची सरासरी काढून शोध केला, तर सगळंच सगळ्यासारखं दिसू लागतं. त्यावर आधारून वाक्य-साम्यासाठी पुढे प्रशिक्षित केलेलं मॉडेल घ्या.

*खूणशब्द विसरणं.* ई५ मालिकेतल्या मॉडेलना प्रश्नाआधी ‘क्वेरी’ आणि तुकड्याआधी ‘पॅसेज’ हे इंग्रजी खूणशब्द लावावे लागतात, मॉडेलच्या पानावर दिले आहेत तसेच. ते विसरलं तरी त्रुटी दाखवली जात नाही. निकाल गुपचूप खालावतात.

*मर्यादेबाहेरचा मजकूर.* मॉडेल मजकूर टोकनमध्ये, म्हणजे शब्द किंवा शब्दांच्या भागांत, मोडून वाचतं. ई५ ची मर्यादा ५१२ टोकनची आहे, बीजीई-एम३ ची ८,१९२. मराठी शब्दाचे अनेकदा दोन-तीन टोकन पडतात, त्यामुळे ५१२ टोकन म्हणजे ५१२ शब्द नव्हेत. मर्यादेपुढचा मजकूर बहुतेक साधनं न सांगता कापून टाकतात. मॉडेलच्याच टोकनायझरने सगळे तुकडे मोजा. मर्यादा ओलांडणारा एकही तुकडा असेल तर टप्पा ४ वर परत जा.

*गुणांची ठाम रेषा.* ‘०.७ च्या वरचं साम्य म्हणजे संबंधित’ असा नियम करू नका. ई५ चे गुण मुळातच ०.७ ते १ च्या दरम्यान दाटलेले असतात, त्यामुळे असंबद्ध तुकडाही त्या रेषेच्या वर बसतो. क्रम बघा, आणि रेषा आखायचीच असेल तर संग्रहात उत्तर नसलेल्या प्रश्नांवरून आखा.

स्वतंत्र व्हेक्टर डेटाबेसची घाई नको. ५०,००० तुकडे, प्रत्येकी ७६८ आकडे आणि प्रत्येक आकडा ४ बाइटचा धरला तर सगळं मिळून साधारण १५४ एमबी होतं. एवढ्यात थेट तुलना करणारा अचूक शोध साध्या संगणकावरही झटपट होतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच वापरत असाल तर त्याला पीजीव्हेक्टर हा व्हेक्टर-शोधाचा जोडभाग लावा. एचएनएसडब्ल्यूसारखे अंदाजी इंडेक्स लाखो तुकड्यांच्या पुढे कामाला येतात, आणि ते काही बरोबर उत्तरं सोडून देतात, हे धरून चालायचं.

एक मर्यादा कोणत्याच मॉडेलने पूर्ण सुटत नाही: नकार. ‘शुक्राला उपग्रह आहे’ आणि ‘शुक्राला उपग्रह नाही’ ही वाक्यं व्हेक्टरांच्या जगात एकमेकांच्या अगदी शेजारी बसतात. म्हणून वर आलेला तुकडा म्हणजे उत्तर, असं वाचकासमोर कधीही मांडू नका. तुकडाच दाखवा.

टप्पा ७: दोन याद्या एकत्र करा

शब्दशोध आणि व्हेक्टर या दोघांचे गुण वेगळ्या मापाचे असतात. त्यांची बेरीज करू नका. क्रमांकांची बेरीज करा. रेसिप्रोकल रँक फ्युजन ही पद्धत सोपी आहे: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, १ ला त्या संख्येने भागायचं, आणि दोन्ही यादींची उत्तरं मिळवायची. एका यादीत तिसरा आणि दुसरीत पाचवा असलेला तुकडा १/६३ + १/६५ म्हणजे सुमारे ०.०३१ मिळवतो. एकाच यादीत पहिला आणि दुसरीत अजिबात नसलेला तुकडा १/६१ म्हणजे ०.०१६ वरच राहतो. दोन्ही बाजूंनी दुजोरा मिळालेला तुकडा असा वर येतो.

त्यानंतर वरचे पन्नास तुकडे क्रॉस-एन्कोडर प्रकारच्या रीरँकरला, म्हणजे निकालांचा क्रम पुन्हा लावणाऱ्या मॉडेलला, द्या. तो प्रश्न आणि तुकडा एकत्र वाचतो, म्हणून अचूक असतो, आणि म्हणूनच संथ. सगळ्या संग्रहावर तो चालवू नका. प्रश्नांची यादी पुन्हा चालवा. आकडा वाढला नाही तर रीरँकर काढून टाका.

टप्पा ८: नावं जोडा

इथपर्यंत शोध झाला. आता जोडणी: मजकुरातला ‘गुरू’ म्हणजे ग्रह, हे यंत्राला पक्कं सांगणं. त्यासाठी प्रत्येक गोष्टीला शब्द नव्हे, तर ओळखक्रमांक हवा. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात गुरू ग्रह क्यू३१९ आहे, शनी क्यू१९३, मंगळ क्यू१११, प्लूटो क्यू३३९. स्वतःचे क्रमांक ठेवायचे असतील तरी ते विकिडेटाशी जोडून ठेवा, म्हणजे पुढे दुसऱ्या संग्रहाशी सांधणं सोपं जातं.

आधी शब्दसूची करा. डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या स्कॉस या प्रमाणात त्यासाठी पुरेशी सोय आहे: एक मुख्य नाव, कितीही पर्यायी नावं आणि वाचकाला न दाखवायची लपवलेली नावं. नेपच्यून हे मुख्य, ‘वरुण’ हे पर्यायी, ‘नेपच्युन’ हे चुकीचं लेखन लपवलेलं. युरेनसला ‘प्रजापती’ आणि ‘हर्शल’ ही पर्यायी नावं, धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’. प्रत्येक नावाला भाषेची खूण लावा.

इथली नेहमीची चूक म्हणजे जवळच्या गोष्टींना ‘तेच’ ठरवणं. उल्का म्हणजे वातावरणात जळताना दिसणारी रेघ. अशनी म्हणजे जमिनीवर पोचलेला दगड. या दोन संकल्पना ‘संबंधित’ आहेत, समान नाहीत. ‘एकच’ हे नातं एकदा लावलं की एकीबद्दलचं प्रत्येक विधान दुसरीलाही लागू होतं, आणि संग्रहालयात जपलेला दगड आकाशात चमकू लागतो. शंका असेल तिथे ‘जवळपास समान’ किंवा ‘संबंधित’ एवढंच म्हणा.

मजकुरात नावं शोधताना सुरुवातीची अक्षरं जुळवून थांबू नका. ‘गुरु’ने सुरू होणारं म्हणून ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘गुरुवार’ ग्रहाला जोडले जातात, ‘बुध’मध्ये ‘बुधवार’ सापडतो, ‘चंद्र’मध्ये माणसांची नावं. मूळ रूप आणि सामान्यरूप यांपुढे परवानगी असलेला प्रत्ययच यावा, असा नियम करा: ‘गुरूभोवती’ चालेल, ‘गुरुवार’ नाही.

नाव जुळलं तरी अर्थ ठरायचा असतो. त्याच परिच्छेदात ‘कक्षा’, ‘उपग्रह’, ‘दुर्बीण’ असे शब्द आहेत का? दुसरे कोणते ग्रह उल्लेखलेले आहेत का? ‘वरुण’च्या आसपास एकही खगोलीय शब्द नसेल तर तो ग्रह नसावा. आणि ठरवता येत नसेल तेव्हा जोडू नका. न जोडलेलं नाव नंतर जोडता येतं; चुकीचं जोडलेलं नाव शोधून काढणं फार अवघड असतं.

तपासणी: शंभर जोडण्या यादृच्छिकपणे निवडून माणसाने तपासाव्यात. चुका कोणत्या नावांभोवती जमतात ते बघा. बहुधा मोजक्याच नावांत बहुतेक चुका सापडतात, आणि तेवढ्यांसाठी हाताने नियम लिहिणं पुरतं.

टप्पा ९: विधानं साठवा, स्रोतासह

आता एक्सेलमधली माहिती आणि लेखांतली माहिती एकाच रूपात आणता येते: टायटन, कशाचा उपग्रह, शनी. कर्ता, नातं, कर्म. आरडीएफ हे याचं प्रमाणित रूप आणि स्पार्कल ही त्याला प्रश्न विचारायची भाषा. ‘१७०० पूर्वी सापडलेले शनीचे उपग्रह’ हा प्रश्न व्हेक्टरला नीट सोडवता येत नाही, स्पार्कलला येतो. म्हणून मोजणी, तुलना आणि गाळणी लागणारे प्रश्न इकडे पाठवा.

प्रत्येक विधानासोबत ते कोणत्या तुकड्यातून आलं आणि कोणत्या काळासाठी खरं आहे, हे नोंदवा. ‘प्लूटो हा ग्रह आहे’ हे विधान पुसायचं नाही. ‘२००६ पर्यंत’ अशी मर्यादा घालायची. नाहीतर जुन्या लेखांचा अर्थच लावता येत नाही.

भरती करण्याआधी नियम तपासा. त्यासाठी शॅकल हे आरडीएफमधली माहिती तपासायचं प्रमाण आहे: उपग्रहाला मातृग्रह एकच असावा, शोधाचं वर्ष चार अंकी असावं, प्रत्येक संकल्पनेला मराठीत मुख्य नाव एकच असावं. नियम मोडणारी विधानं आत घेऊ नका, वेगळ्या यादीत टाका आणि माणसाने बघावीत. सगळ्या जगाची संकल्पना-रचना आखायच्या मोहात मात्र पडू नका. टप्पा १ मधल्या प्रश्नांना जेवढी नाती लागतात, तेवढीच बनवा.

टप्पा १०: चालू ठेवणं

मॉडेल बदललं तर सगळे तुकडे नव्याने व्हेक्टरित करावे लागतात. जुने आणि नवे व्हेक्टर एका इंडेक्समध्ये मिसळले तर निकाल निरर्थक होतात, आणि लांबी सारखी असेल तर यंत्रणा तक्रारही करत नाही. प्रत्येक व्हेक्टरसोबत मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि सफाई-साखळीची आवृत्ती साठवा.

वर भाषा-मॉडेल बसवून थेट उत्तरं द्यायची असतील, तर त्याला फक्त सापडलेले तुकडे द्या, प्रत्येक वाक्यामागे तुकड्याचा दुवा मागा आणि ‘संग्रहात उत्तर नाही’ असं म्हणायची मुभा ठेवा. ते तसं म्हणतं का, हे पहिल्या टप्प्यातल्या उत्तर नसलेल्या प्रश्नांवरच तपासा.

आणि दर महिन्याला लोकांनी खरोखर विचारलेले, पण काहीच न उघडता सोडून दिलेले प्रश्न काढा. त्यातले दहा निवडून प्रश्नांच्या यादीत भरा. प्रत्येकाचं उत्तर कुठे अडलं, ते शोधताना टप्पा २ पासून वर या: आधी मजकूर, मग अक्षरं, मग तुकडा, मग शब्दशोध, आणि मॉडेल त्यानंतर.